रूळ नसलेल्या गावच्या लॉऱ्या

बाळापूरला रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग गावाच्या उत्तरेने, पारसवरून निघून जातो आणि पारस स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. तीनच वर्षांनी, १८७० साली, जलंबहून खामगावला खास कापसासाठी फाटा निघाला. त्याच सुमारास बडनेऱ्याहून अमरावतीलाही. बाळापूरच्या वाट्याला असा फाटा कधी आला नाही. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातलं हे नामांकित ठाणं. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने इथला किल्ला बांधायला घेतला आणि अचलपूरचा नबाब इस्माईलखान याने तो १७५७ साली पुरा केला. इथल्या पगड्या, सतरंज्या आणि हातकागद दूरदूरच्या बाजारांत जात. रूळ दुसरीकडून गेले आणि एवढं मोठं गाव आडबाजूला पडलं. पुढे त्याला बाजारपेठांशी पुन्हा बांधलं ते लॉरीने. किल्ल्याविषयी सांगायला गॅझेटियर आहे, संगमावरच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीविषयीही आहे. लॉरीविषयी सांगायला माणसं आहेत, आणि ती आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. म्हणून यंदा दिवाळी झाल्या झाल्या बाळापूर गाठलं.

या विषयाशी माझं नातं घरचं आहे. वडील अकोल्यात एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गद्दीवर मुनीम होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसे. बारदानाचा आणि डिझेलचा वास, बिल्टीच्या वहीतला निळा कार्बन, आणि दारात उभ्या असलेल्या गाडीचं गरम बोनट, हे माझं लहानपण. गाडी आली की वडील मान वर न करता, नुसत्या आवाजावरून कुणाची गाडी ते सांगत. ती विद्या मला आली नाही, पण त्या गाड्यांविषयीची माया राहिली.

अकोल्याहून एसटीने रिधोरा, व्याळा मागे टाकत जायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली होती. वेचणीला आलेल्या बायांच्या ओट्या भरलेल्या, बांधावर कापसाची गाठोडी, आणि मधूनच पिवळ्या जाळीत कोंबलेला सुटा कापूस घेऊन जिनाकडे निघालेला एखादा ४०७ ट्रक. पूर्वी हाच कापूस बंडीतून जाई. चौपदरी रस्त्यावरून कंटेनर आणि ट्रेलर एकामागून एक चाललेले असतात. त्यांच्या दारावर गावाचं नाव नसतं. हा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता ५३. वऱ्हाडात कुणीही अजून त्याला सहा नंबरच म्हणतं.

बाळापुरात मला बोलावलं होतं ते एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांना सगळा गाव ‘सर’ म्हणतो. इतिहास शिकवायचे. गेली काही वर्षं ते जुन्या लॉऱ्यांचे फोटो, बिल्ट्या, परमिटं, दारावरच्या पत्र्याच्या पाट्या असं जमेल ते गोळा करत आहेत. त्यांच्या भोवती हळूहळू एक मंडळ जमलं आहे. शुक्रवारी हायवेकडच्या एका गॅरेजला सुट्टी असते. जुम्म्याची नमाज झाली की तिथे मंडळी येऊन बसतात. उस्ताद म्हणजे ड्रायव्हर, मिस्त्री, एक पेंटर, दोघे माजी मालक आणि एक पंचविशीतला पोरगा, जो सागाच्या तुकड्यांतून हातभर लांबीच्या लॉऱ्या बनवतो. बसायला जुन्या टायरांवर फळ्या टाकलेल्या. मध्ये चहाची किटली.

सगळ्यांत वडीलधारे चाचा पंच्याऐंशीच्या घरातले. चौदाव्या वर्षी किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गाडीवर चढले, आणि डोळ्यांनी दगा दिला तेव्हा स्टिअरिंगवरून उतरले. त्यांनी पाहिलेली पहिली लॉरी फार्गो. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडू लागला. एकच लॉरी, पण नाकावर कधी डॉज लिहिलेलं, कधी फार्गो. पेट्रोलवर चालणारी. सकाळी पुढून हॅन्डल मारून सुरू करायची.

“हॅन्डल उलटं आलं का मनगट गेलंच समजा,” चाचा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटाचं हाड अजून जरा वर आलेलं दिसतं. “आंगठा बोटाच्या बाजूनं ठेवा लागे. गुंडाळून नाही धरायचं. हे मले उस्तादानं शिकवलं, पन हाड मोडल्यावर.”

मी तिथल्याच एका लोखंडी दांड्यावर तसा हात धरून पाहिला. चाचांनी माझा अंगठा सोडवून बाकी बोटांच्या रांगेत लावला, मग मान हलवली. हॅन्डलने झटका मागे दिला तर हात आपोआप सुटला पाहिजे, एवढंच त्यामागचं शास्त्र. बोटं जाड, कातडी चामड्यासारखी, पण धरणं अगदी हलकं.

चाचांच्या वडिलांनी त्याआधीचं जग पाहिलं होतं. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा देशभर कित्येक मोटारींना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवल्या होत्या. गाडीच्या अंगाला उंच नळकांडं, त्यात कोळसा पेटवायचा, धग धरेपर्यंत वाट पाहायची आणि मग निघायचं. चढ आला की गाडी रडायची. युद्ध संपल्यावर फौजेच्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि त्या घेऊन कितीतरी गावांत मालवाहतूक सुरू झाली. ज्याच्याकडे थोडी शेती विकून किंवा बायकोचे दागिने मोडून एक गाडी आली, तो ‘कंपनी’ झाला. पुढे दोन गाड्या झाल्या की घराच्या ओसरीत गद्दी, भिंतीवर पाटी, दारात ताडपत्र्यांचा ढीग. बाळापूरच्या अशा कंपन्यांची नावं सरांच्या वहीत आहेत. त्यातली बरीचशी मालकाच्या मुलाच्या किंवा पिराच्या, देवीच्या नावाने. इथे बाळादेवीच्या नावाची गाडी मुसलमान उस्ताद चालवत असे आणि दर्ग्याच्या नावाच्या गाडीची खंडेनवमीला पूजा होत असे. झेंडूची माळ दोन्ही गाड्यांना सारखीच.

मग डिझेल आलं. इथे मंडळात सगळ्यांचे आवाज चढतात. काहींच्या फार्गोत मद्रासच्या सिम्पसन कंपनीचं पर्किन्स इंजिन बसवलं गेलं. मद्रासकडूनच लेलँडची कॉमेट आली. आणि मग आली टाटा मर्सिडीज. जमशेदपूरचा टेल्कोचा कारखाना १९४५ साली निघाला तो रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये त्याने जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी गोल नाकाची, नाकावर तीन टोकांचा तारा असलेली लॉरी बाहेर पडली. ज्या गावाला रूळ मिळाले नाहीत, त्याला रेल्वे इंजिनांच्या कारखान्याने गाडी दिली, हा योग मला फार मोलाचा वाटतो. करार १९६९ साली संपला. तारा गेला, टाटांचा ‘टी’ आला, पण उस्ताद लोक पुढची कितीतरी वर्षं तिला ‘मर्सडीज’च म्हणत राहिले.

तेव्हा कारखान्यातून पूर्ण गाडी येत नसे. येई ती नुसती चेसिस: चाकं, इंजिन, नाक आणि स्टिअरिंग. वर काहीच नाही. चाचांनी अशा चेसिस जमशेदपूरकडून चालवत आणल्या आहेत. बसायला लाकडी खोका दोरीने बांधलेला, डोक्याला फडकं, डोळ्याला चष्मा, रात्री अंगावर घोंगडी. रायपूर, भंडारा, नागपूर, अमरावती करत यायचं आणि सगळ्या रस्त्याची धूळ अंगावर घ्यायची. “हवा छातीत शिरे ते शिरेच,” ते म्हणाले. “पन नवं इंजिन होतं न बाप्पा. त्याचा आवाज आयकत आयकत मानूस येऊन जाये.”

गावात आली की सुतार तिच्यावर केबिन आणि बॉडी चढवत. खांब सागाचे, खालची आडवी लाकडं बाभळीची, फाळक्यांना लोखंडी पट्ट्या. पंचविशीतला तो पोरगा अशाच एका सुताराचा नातू. त्याच्या छोट्या लॉरीचा मागचा फाळका खरोखर उघडतो. बिजागरीची पिन त्याने सायकलच्या आऱ्यातून कापून घेतली आहे. आजोबा केबिनच्या दाराला वरून किंचित उतार ठेवत, म्हणजे पावसाचं पाणी उस्तादाच्या मांडीवर न पडता बाहेर जाई. नातवाने तो उतारही ठेवला आहे. मी विचारलं, इतकं बारीक कशाला? तो म्हणाला, “आजोबाचं काम हाय न, मंग तसंच पाह्यजे.” त्याने या गाड्या कधी चालताना पाहिल्या नाहीत. चाचा सांगतात, तो करवत चालवतो, आणि चुकलं की चाचा पुन्हा सांगतात.

बॉडी झाली की रंगारी. समोर डोक्यावर पिवळ्या पट्टीत ‘पब्लिक कॅरिअर’, दारावर मालकाचं नाव आणि ‘बाळापूर, जि. अकोला’. पेंटर आता सत्तरीचे आहेत. त्यांनी मागच्या फाळक्यांवर मोर काढले, कमळं काढली, गाय-वासरू काढलं. पण त्यांचं मन रमे ते छत्रीत. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरची छत्री, पाठीमागे किल्ल्याचा विटांचा तट आणि खाली निळं पाणी. नाशिकच्या ढाब्यावर गाडी उभी राहिली की लोक विचारत हे कुठलं गाव. २०१५ साली राज्य सरकारने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली तेव्हा पेंटरांना फार वाईट वाटलं नाही. तोपर्यंत फाळके लोखंडी झाले होते आणि त्यांच्या कुंच्याला काम राहिलं नव्हतं.

या लॉऱ्यांनी नेलं काय? आधी कापूस. बाकी सगळं नंतर. जिनातून सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी निघत. एक गाठ १७० किलोची. दोन हमाल लोखंडी आकडे खुपसून ती फळीवरून वर चढवत. पन्नासच्या वर गाठी एका गाडीत बसत, आणि त्या कशा रचायच्या यावर उस्तादाचा जीव अवलंबून असे. खालचा थर आडवा, वरचा उभा, पुन्हा आडवा. म्हणजे थर एकमेकांना धरून राहतात आणि कसाऱ्याच्या घाटात वळणावर माल एका अंगाला झुकत नाही. मग ताडपत्री, मग दोर. दोराची गाठ मारायची एक खास पद्धत आहे: दोराला एक पीळ देऊन फासा करायचा, हुकाखालून टोक आणून त्या फाशातून ओढायचं, आणि अंगाचं सगळं वजन टाकून मागे झुकायचं. चाचांनी ती मला गॅरेजच्या खिडकीच्या गजाला मारून दाखवली. ओढताना ताणत जाते आणि सोडताना एका झटक्यात सुटते.

सुट्या कापसाची गाडी दिसायला डोंगराएवढी, वजनाला हलकी, आणि धोक्याला सगळ्यांत जास्त. विजेची लोंबती तार, कुणाच्या विडीची ठिणगी, सायलेन्सरची धग, एवढं पुरे. गाठीला लागलेली आग तर वरून दिसतच नाही, ती आत धुमसत राहते. “धूर दिसला तवा गाडी गावाबाहेर न्या लागे,” एक उस्ताद म्हणाले. “पेटली गाडी गावात उभी नाही करा. हा नियम होता. कोनी लेहला नोता, पन होता.” पेटत्या गाडीला गावाबाहेर नेण्यासाठी कुणीतरी केबिनमध्ये बसून राहावं लागतं, हे ते सांगत नव्हते, ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. मंडळातले सगळे थोडा वेळ किटलीकडे पाहत राहिले. मग चहा ओतला गेला.

१९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा कापूस पणन महासंघानेच घ्यायचा. संकलन केंद्रांवर बंड्यांच्या रांगा लागत आणि केंद्रांवरून जिनांत, जिनांतून गोदामांत माल हलवायला लॉऱ्या लागत. माजी मालकांपैकी एकांच्या मते ती वर्षं बाळापूरच्या गाड्यांची सुगी होती. दुसऱ्यांच्या मते त्याच वर्षांनी त्यांना सरकारी बिलाची वाट पाहत बसायची सवय लावली. मला दोघांचंही पटलं. वडिलांच्या गद्दीवर मी दोन्ही प्रकारचे मालक पाहिले होते.

सरांच्या वहीतल्या बिल्ट्या मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. पातळ पिवळा कागद, कार्बनची निळी अक्षरं. पाठवणार कोण, घेणार कोण, नग किती, वजन किती, भाडं ‘पेड’ का ‘टू पे’, आणि खाली छापलेली ओळ: माल मालकाच्या जोखमीवर. जुन्या बिल्ट्यांत वजन मणात आहे. मग दशमान पद्धत आली आणि क्विंटल दिसू लागतात. कापसाचा व्यापारी मात्र दर अजूनही खंडीत बोलतो, सुमारे ३५६ किलोच्या. जाताना रुई, तूर, सरकी, ढेप. येताना मुंबईचा किराणा, मीठ, कापड, नाशिकचा कांदा. परतीचं भाडं मिळालं तर मालकाच्या घरी दिवाळी. नाही मिळालं तर गाडी भिवंडीत उभी आणि किन्नर तिच्याखाली झोपलेला. एका बिल्टीच्या पाठीवर मोडीसारख्या घाईच्या अक्षरात हिशेब लिहिलेला आहे: डिझेल, जेवण, पंक्चर, ‘पोलीस’, आणि शेवटी ‘पोरीसाठी बांगड्या’. सगळ्या वहीत मला सर्वांत जिव्हाळ्याचा कागद तो वाटला.

आता जरा परमिटाविषयी, कारण त्याशिवाय या माणसांनी काय केलं ते कळत नाही. रेल्वेचं उत्पन्न लॉरीने खाऊ नये ही सरकारची जुनी काळजी. १९३९ चा मोटार वाहन कायदा त्याच काळजीच्या सावलीत आला आणि १९४५ च्या सुमारास तर रेल्वेला समांतर मालवाहतूक ७५ मैलांपलीकडे आवरून धरायची असं धोरण ठरलं. बाळापूरहून ७५ मैल म्हणजे साधारण भुसावळ. त्यातून मलकापूर सोडलं की मध्य प्रांत-वऱ्हाड संपून मुंबई इलाखा लागे, म्हणजे परमिटाचा प्रश्न पुन्हा उभा. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आलं. एका रात्रीत मुंबई आपल्या राज्यात आली आणि बुऱ्हाणपूर परक्या राज्यात गेलं. भाषावार प्रांतरचनेचा इतिहास आपण नेत्यांच्या भाषणांतून वाचतो. सहा नंबरच्या रस्त्यावर तो परमिटाच्या शिक्क्यांतून वाचता येतो, आणि माझ्या मते तिथे तो जास्त खरा आहे. १९७५ साली नॅशनल परमिटची योजना आली तेव्हा कुठे गाडी बाहेरच्या राज्यांत मोकळेपणी जाऊ लागली. नाके राहिलेच. राज्याच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले ते १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर.

मिस्त्री या सगळ्या कायद्याच्या बोलण्यात गप्प होते. त्यांचा कायदा वेगळा: माती आणि पाणी. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. “पावसायात साइड द्याले गाडी खाली उतरली का संपलं,” ते म्हणाले. “काया मातीत चाक गेलं का मंग बैलजोड्याच लावा लागे. वावरवाल्याले हात जोडा लागे.” स्प्रिंगचे पाटे तुटायचे ते याच रस्त्यामुळे. पाट्यांचा एक संच भट्टीत तापवून पुन्हा कमान देण्याचं काम त्यांच्या वडिलांकडे खामगावपासून येई. दुसरं दुखणं पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की आत खार धरतो, नळ्या बुजतात, इंजिन तापतं. म्हणून इथले जुने उस्ताद प्यायच्या पाण्याची एक सुरई आणि रेडिएटरसाठी गोड्या पाण्याचा एक डबा असं दोन्ही बरोबर ठेवत. पातूरच्या घाटाकडे निघालेल्या गाडीत तर डबा भरलेला आहे का हे मालक स्वतः पाहून जाई.

मिस्त्रींकडून आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला सबंध प्रवासातली सर्वांत महत्त्वाची वाटते: जुनी लॉरी दिसत का नाही. जुनी मोटारकार कुणाच्या तरी वाड्यात झाकून राहते, नटूनथटून रॅलीत फिरते. लॉरीला कमाईतून सुटका नाही. पहिली काही वर्षं ती मुंबई-कलकत्ता करते. मग लांबच्या भाड्याला मालक कचरतो, आणि ती अकोला-खामगावच्या बाजारात धान्य वाहते. पुढे वीटभट्टीवर जाते. पारसच्या औष्णिक केंद्रामुळे या भागात राखेची आणि विटांची कामं भरपूर. मग तिच्या पाठीवर टाकी बसते आणि ती उन्हाळ्यात पाण्याचा टँकर होते. शेवटी गॅस कटर. इंजिन कुणाच्या पाण्याच्या पंपाला, पाटे लोहाराकडे, चाकं ट्रॉलीला, लाकूड चुलीत. २०२१ साली केंद्राचं भंगार धोरण आलं, पण बाळापुरात गाडीचा कणन्‌कण वापरायचं धोरण त्याआधीपासून चालत आलं आहे. मंडळाकडे आज एकही अख्खी फार्गो नाही. एक बोनट आहे. सरांनी ते एका गोठ्याच्या छपरावरून उतरवून आणलं. भोकं पडलेलं, पण बाजूला अक्षरांचा ठसा हाताला लागतो.

इंग्लंडमध्ये लँकेशायरात लेलँड नावाचं गाव आहे. आपल्या अशोक लेलँडच्या नावातलं लेलँड ते हेच. तिथे जुन्या व्यापारी वाहनांचं संग्रहालय आहे. १९६२ पासून जुन्या लॉऱ्या आणि बसगाड्या लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवत जातात, आणि निवृत्त ड्रायव्हर आपापल्या कंपन्यांच्या रंगांवरून तासन्‌तास बोलतात. आपल्याकडे हरियाणात तावडूला २०१३ पासून वाहतुकीचं एक खासगी संग्रहालय आहे. अहिल्यानगरला रणगाडे जपून ठेवले आहेत, दिल्लीला रेल्वेची इंजिनं. महाराष्ट्रातल्या मालट्रकसाठी असं छप्पर हवं आणि ते मुंबई-पुण्यात नको, या सहा नंबरच्या रस्त्यावर हवं, असं मी अगदी मनापासून म्हणतो. कापूस इथे पिकला, भार इथून निघाला. एखाद्या बंद पडलेल्या जिनाचं गोदाम त्यासाठी पुरेल.

सर मात्र छपराची वाट पाहत थांबलेले नाहीत. त्यांची वही आधी तीन रकान्यांची होती: गाडी, मालक, उस्ताद. किन्नराचा रकाना त्यांनी मागाहून आखला, कारण चाचांनी आग्रह धरला. रात्री गाडी मागे घेताना फाळक्यावर हात आपटून ‘आन दे, आन दे’ ओरडणारा पोरगा वहीत नसेल तर ती वही आपल्याला मंजूर नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून सर प्रत्येक फोटोत कडेला उभ्या असलेल्या उघड्या पायांच्या पोराचं नाव शोधतात. पुष्कळ नावं सापडली आहेत. काही पोरं पुढे स्वतः मालक झाली, एक जण अमरावतीला वकील आहे.

दुपार कलल्यावर आम्ही सगळे जुन्या पुलाच्या बाजूला गेलो. नदीला पाणी बेताचंच होतं. पूर आला की दोन्ही काठांवर गाड्यांची रांग कशी लागे, अलीकडचे उस्ताद पलीकडच्यांना कसे ओरडून खामगावचे भाव विचारत, कुणाच्या चुलीवर सगळ्यांची खिचडी शिजे, हे सांगताना तिघे एकदम बोलत होते. आता त्याच महामार्गाची कामं यंत्रांवर होतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला. मी ते सांगितल्यावर चाचांनी विचारलं, “खाली माती कोनती होती?” काळीच, म्हणालो. “मंग पाच पावसाये जाऊ द्या, मंग बोलू.” मिस्त्रींनी मान डोलावली.

निघताना वाद पेटला. बाळापुरातली पहिली डिझेल लॉरी कोणती? चाचांच्या मते लेलँडची कॉमेट, माजी मालकांच्या मते गोल नाकाची मर्सिडीज. एकाने आपल्या लग्नाच्या सालाचा दाखला दिला, दुसऱ्याने मोठ्या पुराचा. पेंटर म्हणाले, दारावरची अक्षरं मीच रंगवली, पण गाडी आठवते, साल आठवत नाही. हा वाद दर शुक्रवारी होतो म्हणे. पण या वेळी सरांना एक धागा मिळाला आहे. मलकापूरच्या बाजूला एका जुन्या पेट्रोल पंपाच्या मालकांकडे उधारीच्या वह्या पोत्यात भरून ठेवलेल्या आहेत. त्यांत गाडीचा नंबर, तारीख, आणि पेट्रोल घेतलं का डिझेल, तिन्ही लिहिलेलं असतं. कॉमेट आधी का मर्सिडीज, ते तिथे कळेल. आम्ही पुढच्या शुक्रवारी एसटीने जायचं ठरवलं आहे. चाचाही येतो म्हणाले. डोळ्यांना नीटसं दिसत नाही, तरी त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली आहे. चौपदरीच्या कडेने जुना रस्ता कुठे कुठे वळत होता ते ते आम्हाला दाखवणार आहेत, आणि सर मागच्या सीटवर वही घेऊन बसणार आहेत.